दार-ए-सलामला जावं का? साथीच्या काळातला टांझानिया आणि परदेशी कुटुंबांच्या काळज्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना दार-ए-सलाममध्ये तीन वर्षांची नोकरी मिळते आहे. बरोबर तुम्ही, दमा असलेली सात वर्षांची मुलगी आणि जमलं तर मधुमेह असलेले सासरे. कोविडच्या काळात तिथल्या सरकारने साथ आहे हेच मान्य केलं नव्हतं असं तुम्ही वाचलंत, मग मारबर्ग या जीवघेण्या विषाणूजन्य तापाच्या बातम्या वाचल्यात. उद्या पुन्हा असं काही आलं तर परक्या देशात आपलं कोण, आणि जावं की नाही?

मी त्या शहरात बरीच वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं. त्यातला मोठा काळ कंपन्यांच्या परदेशी कर्मचाऱ्यांची आरोग्यव्यवस्था बघण्यात गेला, २०२० आणि २०२१ धरून. उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्ही तिघं जा. सासऱ्यांचं वेगळं ठरवावं लागेल, त्याबद्दल शेवटी लिहितो. काळजी वाटणं रास्त आहे, पण सगळी काळजी 'तिथलं सरकार काय म्हणतं' यावरच खर्च केलीत तर जे खरोखर अंगाशी येतं ते बघायचं राहून जाईल. सरकारचं बोलणं, रुग्णालयाची कुवत आणि देशाबाहेर पडायची वाट या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असतो. टांझानियात तर तो जवळजवळ तुटलेलाच होता.

आधी काय झालं ते सांगतो, कारण त्याच्या फक्त विनोदी आवृत्त्या आपल्याकडे पोचल्या.

टांझानियात पहिला रुग्ण १६ मार्च २०२० रोजी जाहीर झाला. बेल्जियमहून अरुशाला परतलेली एक महिला. दुसऱ्या दिवशी शाळा बंद झाल्या, १२ एप्रिलला आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. इथपर्यंत सगळं इतर देशांसारखंच चाललं होतं. मेच्या सुरुवातीपर्यंत सरकारी आकडा झाला ५०९ रुग्ण, २१ मृत्यू. त्यानंतर आकडे देणंच थांबलं, आणि वर्षभराहून अधिक काळ जगाच्या तक्त्यात टांझानियापुढे तेच ५०९ दिसत राहिले. मे महिन्याच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष जॉन मगुफुली यांनी भाषणात सांगितलं की पपई, बकरी वगैरेंचे नमुने माणसांची नावं देऊन प्रयोगशाळेत पाठवले आणि काही पॉझिटिव्ह आले. सबब चाचण्याच खोट्या. राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या प्रमुखांना निलंबित केलं गेलं. आफ्रिका सीडीसी या आफ्रिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे तेव्हाचे प्रमुख जॉन न्केंगासाँग यांनी चाचण्यांत दोष असल्याचं साफ नाकारलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि मगुफुली स्वतः रसायनशास्त्रातले डॉक्टरेट होते, हे मला आजही विसरता येत नाही. १८ मेपासून विमानं सुरू, जूनमध्ये देश कोरोनामुक्त झाल्याची घोषणा, जूनअखेरपर्यंत सगळ्या शाळा सुरू.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. टाळेबंदी न करण्याचा निर्णय मला तेव्हाही समजत होता. दार-ए-सलामची मोठी लोकसंख्या रोजच्या कमाईवर जगते. दालादाला नावाच्या खासगी बसगाड्या, कारियाकूचा बाजार, रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या गाड्या हे सगळं दोन महिने बंद ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला आपल्याकडच्या महामार्गांवरून पायी निघालेल्या मजुरांचं उदाहरण त्याच महिन्यात समोर होतं. देशाची लोकसंख्याही फार तरुण आहे. निम्म्याहून अधिक लोक वीस वर्षांच्या आतले. तेव्हा 'बाजार चालू ठेवतो' म्हणणाऱ्या सरकारला मी दोष देणार नाही. पण बाजार चालू ठेवायला आकडे लपवावे लागत नाहीत. उलट बाजार चालू ठेवायचा असेल तर किती लोक आजारी आहेत हे रोज कळायला हवं. ते दडवल्यामुळे सावध राहू शकणारेही सावध राहिले नाहीत, आणि यात सर्वाधिक भरडले गेले ते स्थानिकच. आम्हा परदेश्यांकडे बाहेरच्या बातम्या, खासगी रुग्णालयं आणि परतीचं तिकीट होतं.

तरीही परदेशी मंडळी हवालदिल झाली, आणि त्याला कारण होतं. मे २०२० मध्ये रात्रीच्या अंधारात होणाऱ्या दफनांचे व्हिडिओ फिरू लागले. १३ मेला अमेरिकन दूतावासाने आपल्या नागरिकांना लेखी कळवलं की दार-ए-सलाममध्ये संसर्गाचा धोका अत्यंत जास्त आहे आणि अनेक रुग्णालयांवर ताण आला आहे. म्हणजे एक दूतावास एक सांगतोय, सरकार दुसरं, आणि कंपनीचा मुंबईतला अधिकारी ५०९ या आकड्याकडे बोट दाखवून 'तुमच्याकडे तर काहीच नाही' म्हणतोय. या तिसऱ्या माणसाने माझं सर्वांत जास्त डोकं खाल्लं. मुख्यालयाला तक्ता लागतो, आणि तक्त्यात आकडा नसेल तर त्यांच्या लेखी आजारच नसतो.

जूननंतर रुग्ण कमी झाले. ते खरंच कमी झाले होते, पहिली लाट ओसरली होती. डिसेंबरपर्यंत झांझिबार या टांझानियाच्याच स्वायत्त बेटांच्या किनाऱ्यावर रशिया आणि पूर्व युरोपातले पर्यटक भरभरून येत होते, कारण तिथे ना विलगीकरण होतं ना मास्क. आणि जानेवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आली, पहिलीपेक्षा कितीतरी जड. याच काळाबद्दल तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण आकडे नसलेल्या देशात साथ ओळखायची कशी याचं उत्तर त्यात आहे.

देशाच्या आत मोजणी बंद होती, पण देशाबाहेर पडणारी माणसं दुसऱ्या देशांच्या विमानतळांवर मोजली जात होती. ब्रिटनने २२ जानेवारीपासून टांझानियाहून येणाऱ्यांवर बंदी घातली. फेब्रुवारीत ओमानच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की टांझानियाहून येणाऱ्या प्रवाशांपैकी १८ टक्के पॉझिटिव्ह निघत आहेत. अंगोलाच्या विमानतळावर टांझानियाहून आलेल्या प्रवाशांत विषाणूचा भरपूर बदललेला एक प्रकार सापडला. विमानाने प्रवास करणारा माणूस साधारणपणे धडधाकट असतो. अशांत शंभरातले १८ बाधित असतील तर शहरात काय चाललं असेल याचा अंदाज बांधायला साथरोगतज्ज्ञ असायची गरज नाही. मी ओमानचा आकडा कंपन्यांना पाठवला आणि त्या एका ओळीने जे काम केलं ते माझ्या आधीच्या सगळ्या अहवालांनी केलं नव्हतं.

दुसरी खूण म्हणजे मृत्यूच्या बातम्या. रोगाचं नाव नसायचं, 'न्यूमोनिया' किंवा 'श्वास घ्यायला त्रास' एवढंच. पण एकाच वर्गातली, एकाच वयाची माणसं पाठोपाठ जाऊ लागली की लपवता येत नाही. १७ फेब्रुवारी २०२१ या एकाच दिवशी झांझिबारचे प्रथम उपाध्यक्ष सैफ शरीफ हमद आणि देशाचे मुख्य सचिव जॉन किजाझी हे दोघेही गेले. हमद यांना कोविड झाल्याचं त्यांच्या पक्षाने आधीच उघड सांगितलं होतं. त्यानंतर अर्थमंत्री फिलिप म्पांगो स्वतःच्या मृत्यूची अफवा खोडून काढायला राजधानी दोदोमाच्या रुग्णालयाबाहेर पत्रकारांसमोर आले आणि बोलता बोलता खोकून बेजार झाले. ते दृश्य पाहून देशात कुणाला आणखी पुरावा लागला नाही. मार्चच्या सुरुवातीला कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे सचिव फादर चार्ल्स कितिमा यांनी सांगितलं की दोन महिन्यांत २५ हून अधिक धर्मगुरू आणि ६० नन दगावल्या. चर्चकडे आपल्या माणसांची यादी असते, म्हणून तो आकडा मिळाला. सरकारी मोजणी बंद पडली की अशा संस्थांकडे बघायचं: चर्च, वकिलांच्या आणि शिक्षकांच्या संघटना, आणि आपल्या लोकांसाठी ज्ञातीच्या मंडळांचे शोकसंदेश. उपांगा आणि किसुतू भागातल्या गुजराती कुटुंबांचे व्हॉट्सॲप गट त्या महिन्यांत उघडवत नव्हते.

तिसरी खूण फक्त वैद्यकीय क्षेत्रातल्यांना दिसते, ती म्हणजे ऑक्सिजन. सिलिंडर पुरवणाऱ्याला फोन केला आणि 'परवा बघू' म्हणाला, की समजायचं. साथीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा ऑक्सिजनअभावी आणि उशिरा आल्यामुळे. व्हेंटिलेटर हा फार पुढचा विषय आहे. तुम्ही तिथे गेल्यावर आपल्या रुग्णालयाला एकच प्रश्न विचारा: ऑक्सिजन सिलिंडरने येतो की आवारात स्वतःचा प्लांट आहे? चकचकीत स्वागतकक्षापेक्षा या उत्तरावरून जास्त कळेल.

आता परदेश्यांच्या काळज्यांपैकी ज्या बरोबर ठरल्या त्या आधी.

सर्वांत मोठी म्हणजे नैरोबीची वाट. दार-ए-सलाममधल्या परदेशी कुटुंबांची वर्षानुवर्षांची समजूत अशी की काही गंभीर झालं तर फ्लाइंग डॉक्टर्सचं विमान येईल आणि तासाभरात नैरोबीच्या मोठ्या रुग्णालयात नेईल. ही सोय खरी आहे. अम्रेफ या आरोग्यसंस्थेची ती सेवा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालते आणि उत्तम चालते. पण १६ मे २०२० रोजी केनियाने टांझानियाची सरहद्द प्रवाशांसाठी बंद केली. ऑगस्टमध्ये केनियाने विमानतळ उघडले तेव्हा टांझानियाला यादीतून वगळलं, मग टांझानियाने केनिया एअरवेजवर बंदी घातली. ती सप्टेंबरात उठली. या भांडणात रुग्णवाहू विमान अडवलं जावं असं कुणाच्या मनात नव्हतं, पण प्रत्येक उड्डाणाला परवानग्या वाढल्या, आणि पलीकडच्या रुग्णालयाने 'खाट नाही' म्हटलं की परवानगीचा कागद हातात असून उपयोग नसायचा. साथ दोन्ही देशांत एकदमच येते, ही साधी गोष्ट कुठल्याही कंपनीच्या आपत्कालीन योजनेत लिहिलेली मी पाहिली नव्हती.

त्यालाच जोडून विमा. मिस्टरांच्या कंपनीला विचारा की पॉलिसीत जाहीर झालेल्या महासाथीचा खर्च येतो का, स्थलांतराचा खर्च येतो का, आणि बायको-मुलं त्यात आहेत का. तोंडी 'हो सगळं कव्हर आहे' ऐकून घेऊ नका, वगळलेल्या बाबींचं पान मागवा. 'सरकारने प्रवास टाळा असं सांगितलेल्या देशात' झालेला खर्च देणार नाही असं एक कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. साथ आली की सरकारं पहिल्यांदा तेच सांगतात, मग पॉलिसी हवी तेव्हाच बंद पडते. आणि स्थलांतर करायचं की नाही हे ठरवणार कोण, तुमचा डॉक्टर की विमा कंपनीचा दूर बसलेला डॉक्टर, हेही लेखी घ्या.

दुसरी खरी ठरलेली काळजी लसीची. मगुफुलींनी जानेवारी २०२१ मध्ये लशींवर उघड अविश्वास दाखवला. आरोग्यमंत्री दोरोथी ग्वाजिमा पत्रकार परिषदेत आलं, कांदा, लिंबू वगैरेंचं पेय करून दाखवत होत्या. पुढे सरकार बदलल्यावर दूतावासांना आणि आंतरराष्ट्रीय संस्थांना आपल्या लोकांसाठी लस आणायची मुभा मिळाली. आपले लोक बहुतांश कारखान्यांत, व्यापारात, बांधकामात आणि हिशेबाच्या कामात. ते ना राजनैतिक अधिकारी, ना संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी. 'परदेशी' म्हणजे एकच गट असं बाहेरून वाटतं. आत गेल्यावर मसाकीच्या समुद्रकिनारी बंगल्यातला युरोपीय सल्लागार आणि औद्योगिक भागातला सांगलीचा फोरमन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमचे मिस्टर यांत कुठे बसतात ते आधी नीट बघा.

तिसरी, बोलण्याची भीती. जुलै २०२० च्या ऑनलाइन मजकुराच्या नियमांत संसर्गजन्य रोगाच्या साथीची माहिती परवानगीविना टाकायला मनाई होती. त्याच महिन्यात क्वान्झा या ऑनलाइन वाहिनीवर ११ महिन्यांची बंदी आली, कारण तिने अमेरिकन दूतावासाची सूचना इन्स्टाग्रामवर टाकली होती. नोकरीवर आलेल्या परदेशी माणसाचा रहिवासी परवाना क्लास बीचा असतो, तो त्या नोकरीशी बांधलेला असतो आणि रद्द करणं सरकारला अवघड नसतं. म्हणून माझा सल्ला कठोर वाटेल, पण तिथे असताना साथीबद्दलचे व्हिडिओ पुढे पाठवू नका, सोसायटीच्या गटातसुद्धा नाही. माहिती घ्या, कंपनीला कळवा, गावी फोनवर सांगा. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीच्या वेळी इंटरनेट काही दिवस बंदच होतं. तेव्हा डॉक्टर, रुग्णालय आणि भारतीय उच्चायुक्तालय यांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा आणि साधा फोन लागतो का ते एकदा तपासा.

आता चुकीच्या ठरलेल्या काळज्या. पहिली आणि सर्वांत महागात पडलेली: 'मायदेशी गेलो की सुटलो.' भारतात नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून बंद झाली ती थेट २७ मार्च २०२२ ला सुरू झाली. मधल्या काळात वंदे भारतची उड्डाणं आणि नंतर एअर बबल, म्हणजे ठरावीक देशांशी करार करून चालवलेली मोजकी विमानं. मे-जून २०२० मध्ये जागा मिळवून पुण्याला पोचलेली कुटुंबं सप्टेंबरात कुठे होती? देशात सर्वांत जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये दार-ए-सलामची दुसरी लाट पाहून घाबरून परतलेले लोक एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेत सापडले. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २० हून अधिक रुग्ण दगावले ते आठवत असेलच. रेमडेसिविरसाठी लोक औषधदुकानांबाहेर रांगा लावत होते. मे महिन्यात एअर टांझानियाने मुंबईची उड्डाणं थांबवली, भारतातून येणाऱ्यांना विलगीकरण लागू झालं. तेव्हा दार-ए-सलाममधले सहकारी आमच्या लोकांची चौकशी करत होते. परत यावंसं वाटणं चूक नाही. घरच्या माणसांजवळ असणं हे स्वतःच एक औषध आहे. पण ते सुरक्षिततेच्या नावाखाली करू नका. निघायचं असेल तर साथीच्या पहिल्या आठवड्यात निघा, नाहीतर बसून राहा. सर्वांत वाईट हाल अर्ध्या वाटेत, दोहा किंवा आदिस अबाबाच्या विमानतळावर अडकलेल्यांचे झाले.

दुसरी: 'विकसनशील देश म्हणजे साथीत सगळं कोसळणार.' २०१९ च्या जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांकात साथीला तोंड द्यायला सर्वांत सज्ज देश म्हणून अमेरिका पहिल्या आणि ब्रिटन दुसऱ्या क्रमांकावर होते. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. व्हिएतनाममध्ये मात्र एप्रिल २०२१ अखेरपर्यंत मृतांचा आकडा ३५ वर थांबलेला होता. नंतर डेल्टाने हो ची मिन्ह सिटीची दैना केली, ती गोष्ट वेगळी. पैसा असला की व्यवस्था चालते हे निम्मंच खरं. टांझानियातल्या डॉक्टर-परिचारिकांनी राष्ट्राध्यक्ष मास्कची टर उडवत असताना गुपचूप मास्क लावून काम केलं. खासगी रुग्णालयांच्या दारात मास्कशिवाय प्रवेश नव्हता. वरून हुकूम एक आणि वॉर्डात व्यवहार दुसरा, हे मी वर्षभर पाहिलं. आपल्या मंडळींना मात्र 'इथल्या लोकांना काही कळत नाही' म्हणायची फार घाई असते. त्याच मंडळींनी घरकाम करणाऱ्या मुलींना महिनोन्‌महिने आवाराबाहेर पडू दिलं नाही आणि स्वतः आठवड्याला पार्ट्या केल्या. साथ पहिल्यांदा विमानाने आली होती, हे सोयीस्करपणे विसरून.

आता आजचं. मगुफुलींच्या निधनाची घोषणा १७ मार्च २०२१ ला झाली. सरकारने कारण हृदयविकार सांगितलं. १९ मार्चला उपाध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि एप्रिलमध्येच तज्ज्ञांची समिती नेमली. कोव्हॅक्स या लसवाटपाच्या आंतरराष्ट्रीय योजनेमार्फत दहा लाखांहून थोडे जास्त डोस २४ जुलैला आले, चार दिवसांनी त्यांनी स्वतः जाहीरपणे लस घेतली. सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ५६ कोटी ७० लाख डॉलरहून थोडं अधिक साहाय्य मंजूर केलं, त्यातला काही पैसा ऑक्सिजन प्लांट आणि अतिदक्षता विभागांवर गेला. ही गोष्ट तुमच्या कामाची आहे, कारण भिंतीतून येणारा ऑक्सिजन सरकार बदललं तरी राहतो.

मारबर्गने दोन वेळा परीक्षा घेतली. मार्च २०२३ मध्ये कागेरा प्रांतात देशातली पहिली मारबर्ग साथ आली. सरकारने २१ मार्चला स्वतः जाहीर केली, संपर्कातली माणसं शोधली, आणि नऊ रुग्ण, सहा मृत्यूंवर ती थांबवून २ जूनला संपल्याचं सांगितलं. कुणीही हेवा करावा असं काम. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा त्याच प्रांतात, बिहारामुलोला. या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने १४ जानेवारीला संशयित रुग्णांबद्दल कळवलं आणि टांझानियाच्या आरोग्यमंत्र्यांनी लगेच नाकारलं. २० जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनीच, संघटनेच्या प्रमुखांना शेजारी घेऊन, रुग्ण सापडल्याचं मान्य केलं. एकूण दहा रुग्ण धरले गेले, दहाही दगावले, आणि १३ मार्चला साथ संपली. मी याकडे असं बघतो: नाकारायची सवय गेलेली नाही, पण २०२० मध्ये जे वर्षभर चाललं ते २०२५ मध्ये सहा दिवस टिकलं. पुढच्या वेळी पहिल्या आठवड्यात सरकारचं काही ऐकू नका, दुसऱ्या आठवड्यापासून ऐका, इतपत विश्वास मी ठेवीन.

आणि मारबर्ग तुमच्या दारात येईल ही भीती सोडा. कागेरा व्हिक्टोरिया सरोवराच्या पलीकडे, दार-ए-सलामपासून हजार किलोमीटरहून दूर आहे. हा रोग हवेतून पसरत नाही, रुग्णाच्या रक्ताशी आणि शरीरातल्या इतर द्रवांशी थेट संपर्क लागतो. त्यात मरतात ते रुग्णाची सेवा करणारे नातेवाईक आणि आरोग्यकर्मचारी. फ्लॅटमध्ये राहून शाळा आणि ऑफिस करणाऱ्या कुटुंबाला डास जास्त धोक्याचे. २०१९ मध्ये दार-ए-सलाममध्ये डेंग्यूची मोठी साथ होती, मलेरिया तर कायमचाच. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी साथीच्या काळात जीव वाचवते. ताप आला की आधी मलेरियाची चाचणी, मग बाकी सगळं. २०२०-२१ मध्ये सगळ्यांच्या डोक्यात कोविड असल्यामुळे मलेरियाचं निदान उशिरा झालेले रुग्ण मी पाहिले, त्यांतले काही सुट्टीवर भारतात आल्यावर. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाणारा. पुण्यातल्या डॉक्टरकडे गेलात तर 'आफ्रिकेतून आलोय' हे पहिलं वाक्य असू द्या.

मुलीचा दमा. शहराची हवा दमट आहे, पावसाळ्यात बुरशीचा त्रास होईल. पंपाची औषधं मिळतात, तरी स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि तीन महिन्यांचा साठा जवळ ठेवा. उच्चायुक्तालयाच्या मदतीपेक्षा तो साठा आधी उपयोगी पडतो. आणि वाफाऱ्यापासून तिला लांब ठेवा. मगुफुलींच्या काळात न्युंगू, म्हणजे पाल्याच्या उकळत्या भांड्यावर चादर घेऊन वाफ घेणं, हे राष्ट्रीय औषध झालं होतं. मुहिंबिली या देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयातसुद्धा वाफ घ्यायच्या खोल्या उभ्या राहिल्या. हसायचं कारण नाही, आपल्याकडेही घराघरांत तेच चाललं होतं आणि भाजलेली मुलं रुग्णालयात येत होती. दमेकरी मुलाला तीव्र वासाच्या वाफेने झटका येऊ शकतो. घरातली बाई प्रेमाने करायला जाईल, तिला आधीच सांगून ठेवा. घरात पल्स ऑक्सिमीटर ठेवा आणि वाचन ९४ च्या खाली गेलं तर माणूस कितीही ठणठणीत दिसला तरी थांबू नका.

सासऱ्यांचं. पहिल्या वर्षी त्यांना नेऊ नका. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाला साथीत लागतं ते लवकर मिळणारं रुग्णालय, रोजची औषधं आणि पैसे देणारा विमा. तिसरी गोष्ट त्यांच्या वयाला बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत मिळत नाही. तुम्ही तिथे सहा-आठ महिने राहून डॉक्टर ठरवा, रुग्णालय बघा, रहदारीच्या वेळी घरापासून तिथे जायला किती वेळ लागतो ते स्वतः गाडीने जाऊन पाहा. मग जून ते सप्टेंबरच्या थंड, कोरड्या महिन्यांत त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, स्वतंत्र प्रवासी विमा काढून, आधीपासूनचा मधुमेह त्यात लेखी धरला असेल तरच. इन्सुलिन घेत असतील तर वीज गेल्यावर फ्रिज किती वेळ थंड राहतो हे आधी बघून ठेवा. विमा कंपनीने मधुमेह धरायला नकार दिला तर त्यांना पुण्यातच राहू द्या, आणि डिसेंबरच्या सुट्टीत तुम्हीच मुलीला घेऊन या.